कॉफी भाजण्याचे यंत्र : मोठे घ्यावे की चांगले?

आमचा धंदा कापडाचा. टॉवेल आणि चादरींच्या भावावर चार शब्द लिहिणे आम्हाला सोपे. पण या खेपेस विषय वेगळा आहे आणि तो याच पानावर यावा असे आम्हाला वाटते. घरच्या घरी कॉफी भाजण्याचा शौक सोलापुरात आमच्या ओळखीच्या व्यापारी मंडळीत व त्यांच्या मुलांत बराच वाढला आहे. सुरुवात स्वयंपाकघरातल्या कढईपासून होते. सहा महिन्यांत यंत्र हवेसे वाटते आणि ते आले की वर्षभरात त्याहून मोठे यंत्र. आम्ही स्वतः काही वर्षे हा शौक करीत असल्यामुळे "कोणते यंत्र घ्यावे?" असे पेढीवर येऊन विचारले जाते. रक्कम लहान नसते. काही परदेशी यंत्रांच्या किमतीत एखाद्या कारागिराच्या घरचा वर्षाचा किराणा भरेल.

शिवाय कच्चा मालही स्वस्त राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका कॉफी पाउंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती. अशा मालाचा एक घाणा करपला तर ते नुकसान चेष्टेवारी नेण्यासारखे नाही.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. चांगले यंत्र म्हणजे मोठे यंत्र नव्हे. ज्यात आच आपल्या मर्जीने कमी-जास्त करता येते, ती किती आहे हे कळते आणि भाजलेले दाणे झटपट थंड करता येतात, ते चांगले. या तीन गोष्टी नसतील तर बाकीची चकाकी दुकानदाराच्या फायद्याची आहे.

जुनी रीत

उर्दू शाळेत आम्हाला हा शब्द 'कहवा' म्हणून भेटला. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी मंडळी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहता यावे म्हणून कहवा पीत असत. अरब घरांत पाहुण्यासमोर दाणे भाजण्याची रीत आहे. त्यासाठी लांब दांड्याचा लोखंडी तवा असतो, त्याला महमास म्हणतात. अरबी कॉफीच्या या मेहमाननवाजीची नोंद युनेस्कोने २०१५ साली सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. आपल्याकडे बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात हजहून परतताना सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असे सांगितले जाते. तो डोंगर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. दक्षिणेकडील अनेक घरांत पूर्वी कोळशाच्या शेगडीवर हाताने फिरवायचे पिंप ठेवून कॉफी भाजली जाई. म्हणजे ज्याला आज नवा शौक म्हणतात तो फार जुना आहे.

मग यंत्राने काय दिले? १८६४ साली न्यूयॉर्कमध्ये जाबेझ बर्न्स यांनी एका भाजणी पिंपाचे पेटंट घेतले. त्याचे वैशिष्ट्य एवढेच होते की, पिंप विस्तवावरून न उतरविता आतले दाणे बाहेर ओतता येत. यात मोठे ते काय, असे कोणी म्हणेल. पण दाणे नेमक्या क्षणी आचेबाहेर काढणे हेच या हुन्नराचे अर्धे काम आहे. तोवर पिंप उतरवेपर्यंत माल आत भाजतच राही.

आपल्या बाजूची एक गोष्टही ध्यानात घ्यावी. पूर्वी मळेवाल्याला आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावी लागे. कोणत्या मळ्याचा दाणा कोणत्या पोत्यात गेला हे गिऱ्हाइकाला कळत नसे. १९९० नंतर ही बंधने सैल होत गेली आणि १९९६ साली ती उठली. आज चिकमगळूर किंवा कोडगूच्या मळ्यातून पाच-दहा किलो कच्चे दाणे थेट मागविता येतात. दाण्याचे गाव-ठिकाण माहीत झाले म्हणूनच तो नीट भाजण्याची हौस निर्माण झाली.

आचेवर काय घडते

कच्च्या दाण्यात १० ते १२ टक्के पाणी असते. पहिली काही मिनिटे ते उडण्यात जातात. हिरवा दाणा फिका पडतो, मग पिवळा होतो. गवताचा वास जाऊन भट्टीतल्या पावासारखा वास येऊ लागतो. सुमारे १५० अंश सेल्सियसच्या पुढे तपकिरी रंग चढतो. १९६ अंशांच्या आसपास दाणे लाह्यांसारखे फुटू लागतात. याला आपण पहिली तडतड म्हणू. येथून पुढे कॉफी पिण्याजोगी होते. २२४ अंशांच्या सुमारास दुसरी तडतड येते. ती बारीक असते, फोडणीतल्या मोहरीसारखी. तिच्याही पुढे गेलात तर दाण्यावर तेल येते, मळ्याची चव निघून जाते आणि फक्त जळाल्याची चव राहते. पहिली तडतड आणि दुसरी तडतड यांच्यामध्ये जी दोन-चार मिनिटे मिळतात, त्यांवरच सगळी कमाई आहे.

हे आकडे प्रत्येक यंत्रात थोडे वेगळे दिसतात, कारण थर्मामीटरचे टोक कोठे बसविले आहे त्यावर ते अवलंबून असतात. टोक दाण्यांच्या ढिगात बुडालेले असेल तर एक आकडा, नुसत्या हवेत असेल तर दुसरा. तेव्हा दुसऱ्याच्या यंत्राचा आकडा आपल्या यंत्रावर लावू नये. आपल्या यंत्रात पहिली तडतड कोणत्या आकड्यावर होते ते टिपून ठेवावे आणि तेथून मोजावे.

कापड रंगविणाऱ्यांना हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. डाईंग मास्टर शेवटचे तापमान पाहतो, पण त्याहून जास्त लक्ष ते मिनिटाला किती अंशांनी चढते आहे याकडे देतो. घाईने चढविले तर रंग डागाळतो, एकसारखा बसत नाही. कॉफीचेही तेच आहे. आच एकदम दिली तर दाण्याची टोके करपतात आणि पोट कच्चे राहते. आच फार मंद ठेवली तर दाणा भाजण्याऐवजी वाळतो, कॉफी सपक लागते. सुरुवातीस जोमदार आच आणि पहिल्या तडतडीकडे जाताना ती हळूहळू कमी, असा साधारण नियम आहे. हा नियम पाळता यावा म्हणूनच यंत्र बदलायचे असते.

कढई आणि तिच्या मर्यादा

कढईला आम्ही नावे ठेवणार नाही. ज्याने कढईत दहा-वीस घाणे काढले नाहीत त्याने यंत्र घेऊच नये, असे आमचे मत आहे. रंग, वास आणि आवाज यांची ओळख तेथे होते. परंतु कढईत आच फक्त खालून, लोखंडाला टेकलेल्या बाजूने लागते. पंधरा मिनिटे झारा हलवीत राहिले तरी काही दाणे पुढे जातात, काही मागे राहतात. कालचा चांगला घाणा आज पुन्हा काढता येत नाही, ही खरी अडचण आहे. व्यापारात एका नमुन्याप्रमाणे सगळा माल उतरला नाही तर गिऱ्हाईक परत येत नाही. शौकात गिऱ्हाईक आपणच असतो, इतकाच फरक.

यंत्राआधी थोड्या खर्चात बरीच सुधारणा होते. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्यावा. कच्चे आणि भाजलेले दाणे दोन्ही वेळा तोलावेत. १०० ग्रॅमचे ८७-८८ ग्रॅम उरले तर भाजणी हलकी, ८५ च्या आसपास मध्यम, ८० पर्यंत उतरले तर फार काळी. डोळ्यापेक्षा हा हिशेब जास्त विश्वासाचा आहे, कारण दिव्याच्या उजेडात रंग फसवितो हे कापडवाल्याला कोणी शिकवायला नको. दुसरे म्हणजे दाणे थंड करण्याची सोय. मोठी चाळण आणि खालून किंवा वरून टेबलफॅन. तीन-चार मिनिटांत दाणे हाताला थंड लागले पाहिजेत. कोंडाही त्याच वाऱ्यात उडतो, उरलेला सुपात पाखडावा. तिसरी गोष्ट वही. तारीख, दाणा, वजन, कोणत्या मिनिटाला पिवळा, कोणत्या मिनिटाला तडतड, कधी उतरविला. आमच्याकडे अशी वही आहे आणि ती पेढीच्या खातेवहीइतकीच नियमित लिहिली जाते.

यंत्रांचे प्रकार

घरगुती यंत्रे मुख्यतः दोन जातींची. एकात गरम हवेच्या झोताने दाणे उडत-फिरत भाजतात, दुसऱ्यात फिरत्या पिंपात.

हवेच्या यंत्राची पहिली पायरी म्हणजे मक्याच्या लाह्या करण्याचे यंत्र. त्यात ८०-१०० ग्रॅम दाणे मावतात आणि पाच-आठ मिनिटांत काम होते. चव स्वच्छ येते, कोंडा आपोआप बाहेर उडतो. पण बहुतेक यंत्रांत पंखा आणि तापणारी तार एकाच बटणावर असतात. आच कमी करावी आणि वारा तसाच ठेवावा, हे जमत नाही. काही हौशी लोक आतले जोडकाम बदलून दोघांना वेगळे करतात. विजेचे काम ज्याला येते त्यानेच ते करावे. अमेरिकेतील फ्रेश रोस्ट एसआर ८०० या यंत्रात हीच सोय तयार मिळते. पंख्याला नऊ पायऱ्या, आचेला नऊ पायऱ्या, दोन्ही स्वतंत्र. एका घाण्यात सुमारे २२५ ग्रॅम. लाह्यांच्या यंत्रावरून वर जाणाऱ्यास ही जात योग्य, असे आम्ही म्हणू.

पिंपाच्या यंत्रात घाणा दहा ते पंधरा मिनिटांचा असतो, चव थोडी भरीव व गोडसर येते. दुधाची फिल्टर कॉफी पिणाऱ्यांना ती आवडते. कोरियाचे जीन कॅफे ३०० ग्रॅम घेते. त्याचे काचेचे पिंप तिरके फिरते, आतला रंग स्पष्ट दिसतो. बेहमोर हे अमेरिकन यंत्र एका वेळी साडेचारशे ग्रॅमपर्यंत घेते आणि धूर कमी करण्याची व्यवस्था त्यात आहे. घरात धुरावरून कुरबुर होते, तेव्हा हा गुण लहान नाही. परंतु या दोन्ही यंत्रांत दाणे त्याच तापलेल्या कोठीत थंड करावे लागतात आणि त्यास वेळ लागतो. मधल्या काळात भाजणी थोडी पुढे सरकते. बर्न्स यांनी जी गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी सोडविली तिला येथे पुन्हा बगल दिलेली दिसते. म्हणून अशा यंत्रात दाणे थोडे आधी थांबवावे लागतात. तैवानचे एलियो बुलेट हे एक किलोचे यंत्र विजेच्या चुंबकीय पद्धतीने पिंप तापविते, त्यास थंड करण्याचे वेगळे ताट आहे आणि दाण्यांचे तापमान ते दाखवीत राहते. उत्तम यंत्र आहे, यात वाद नाही. ते कोणी घ्यावे, हा वाद आहे.

येथे आपण तोलमाप करू. घरात कॉफी पिणारी दोन माणसे, रोज दोन-दोन कप, कपाला १२ ग्रॅम पूड धरली तर दिवसाला ४८ ग्रॅम आणि आठवड्याला ३३६ ग्रॅम लागतात. २०० ग्रॅम कच्च्या दाण्यांतून १७० ग्रॅम मिळतात, म्हणजे आठवड्यात दोन घाणे पुरले. एक किलोच्या घाण्यातून ८५० ग्रॅम निघतील, ते अडीच आठवडे चालतील आणि शेवटी शेवटी वास उतरलेला असेल. कच्चा दाणा कोरड्या जागी कित्येक महिने टिकतो. भाजलेला दाणा दोन-चार दिवस मुरला की खुलतो आणि तीन-चार आठवड्यांत उतरणीला लागतो. ज्या घरात हप्त्याला पाव-अर्धा किलो लागते तेथे एक किलोचे यंत्र म्हणजे एका सदऱ्यासाठी अख्खा ताका फाडणे. शिवाय लहान घाणे वारंवार काढणारा लवकर शिकतो. महिन्याला दोन घाणे काढणाऱ्याचा हात बसणार कधी?

विजेचा प्रश्न

यंत्राच्या डब्यावर हे लिहिलेले नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तिकडचे यंत्र नातेवाइकाकडून मागविले तर मोठा ट्रान्सफॉर्मर लागेल. १६०० वॅटच्या यंत्राला किमान २००० व्हीएचा, आणि तो वजनाने यंत्राइतकाच भरतो. शिवाय तिकडे विजेचे आवर्तन ६०, आपले ५०. काही मोटारी व घड्याळे त्यामुळे हळू चालतात. आखाती देशांतून येणाऱ्या वस्तू बहुधा २२०-२४० व्होल्टच्या असतात, पण सौदी अरबमध्ये ६० आवर्तनांची वीज आहे, तेव्हा मागची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी गोष्ट आपल्या गावची. तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर आच १३ टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ पाव हिश्श्याने घटते. १६०० वॅटचे यंत्र १२०० वॅटचे होऊन बसते. दाणे तडतडीपर्यंत पोहोचतच नाहीत, पोहोचले तर वीस मिनिटांनी. मालक म्हणतो दाणे खराब, नाहीतर म्हणतो यंत्र खराब. संध्याकाळी सगळे माग आणि पंखे चालू असताना भाजायला बसू नये. पहाटे किंवा मागांच्या सुट्टीच्या दिवशी बसावे. स्टॅबिलायझर घेतल्यास वॅट पाहून घ्यावा, टीव्हीचा चालत नाही. यंत्राची पिन मोठ्या प्लगमध्ये, १६ अँपिअरच्याच, लावावी.

या कारणाने गॅसवर चालणारे पिंप आमच्या भागात आम्हाला जास्त पसंत आहे. ज्योत डोळ्यांना दिसते, चावी हातात असते, वीज फक्त लहान मोटारीला लागते आणि तीही गेली तर हाताने फिरविता येते. खिडकी मात्र उघडी हवी. भाजताना आणि भाजल्यानंतरही दाण्यांतून वायू सुटतात, बंद खोलीत ते बरे नव्हेत. पिंपात कोंड्याने पेट घेतला तर झाकण उघडू नये, पाणी ओतू नये. आच बंद करावी, विजेचे यंत्र असेल तर वीज तोडावी आणि आतली हवा संपू द्यावी.

कारागिरांसाठी

असे पिंप आपल्याच गावात होऊ शकते. फुटाण्यांच्या भट्टीचे सामान करणारे, पत्र्याचे काम करणारे, लेथवाले यांच्याकडे लागणारा सगळा हुन्नर आहे. चारशे-पाचशे ग्रॅमचे पिंप, आत दाणे उलटे-पालटे करणाऱ्या तिरक्या पट्ट्या, मिनिटाला पन्नास-साठ फेरे देणारी गिअरची मोटार, पुढे नमुना काढण्याचे भोक आणि दाण्यांच्या ढिगात बुडेल असा थर्मोकपल. आमच्या ओळखीच्या एका वयस्क कारागिरांना आम्ही याबद्दल विचारले. ते म्हणाले, "शेठ, पिंप कोणीही वळवील. दांडा सरळ बसवणं हे काम आहे, नाहीतर तापल्यावर घासायला लागतं." अगदी खरे. आणखी दोन गोष्टी गिऱ्हाइकाने आग्रहाने पाहाव्यात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ज्योतीवर वापरू नये, त्याचा धूर वाईट. सांधे झाळकामाचे नसावेत, कारण कथील-शिशाची झाळ १८३ अंशांपासूनच वितळू लागते आणि कॉफीला त्याहून जास्त आच लागते. वेल्डिंग किंवा रिबिट चालेल. पत्रा ३०४ प्रतीचा स्टेनलेस असल्यास उत्तम.

पिंपाला छिद्रे असावीत की नसावीत यावर हौशी लोकांत फार वाद आहेत. थेट ज्योतीवर ठेवायचे असेल तर आम्ही बिनछिद्राचे, जरा जाड पत्र्याचे पसंत करू. जाड पत्रा आच धरून ठेवतो आणि ज्योत दाण्यांना चाटत नाही.

ज्याच्याकडे संगणक आहे त्याने थर्मोकपल त्याला जोडावा. भाजणीचा आलेख काढणारा एक कार्यक्रम फुकट मिळतो आणि त्याचे नावच 'आर्टिझन', म्हणजे कारागीर, असे आहे. दर मिनिटाला तापमान किती चढते ते रेघेत दिसते. ज्याला संगणकाचा कंटाळा असेल त्याने घड्याळ आणि वही ठेवावी, काम अडत नाही.

हिशेब

काही बंधू विचारतात, यंत्राचे पैसे किती दिवसांत सुटतील? समजा कच्चे दाणे किलोला ६०० रुपयांनी पडले. १५ टक्के घट धरली तर भाजलेला किलो ७०६ रुपयांना पडला. तशीच कॉफी दुकानात १३०० ला मिळते असे धरू. महिन्याला दीड किलो लागली तर सुमारे ९०० रुपये वाचले. यंत्र ६० हजारांचे असेल तर साडेपाच वर्षे लागतील, आणि यात गॅस, वीज, बिघडलेले घाणे व आपला वेळ धरलेलाच नाही. दहा-बारा हजारांत गावातल्या कारागिराने पिंप करून दिले तर वर्षभरात हिशेब बसतो. भाव आपापल्या बाजाराचे घालून पाहावेत, रीत हीच. मोठे यंत्र घ्यायला आमची हरकत नाही, पण ते शौकाच्या खात्यात, हातच्या पैशातून घ्यावे. पेढीच्या भांडवलातून नको, आणि "पुढे विकून भरून काढू" या भरवशावर तर मुळीच नको.

कारण विकणे हा वेगळा व्यवहार आहे. ओळखीच्या चार घरी पुडा पाठविला आणि पैसे घेतले की तो खाद्यपदार्थाचा धंदा होतो. त्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, पुड्यावर वजन, तारीख आणि नाव-पत्ता लागतो. चिकोरी मिसळली तर तेही लिहावे लागते. ज्याला त्या मार्गाने जायचे असेल त्याने आधी आपल्या लहान यंत्रावर एकाच मळ्याच्या दाण्याचे दहा घाणे काढावेत आणि दहाही पुडे निशाणी लपवून एखाद्या कॉफी पिणाऱ्या मित्राला द्यावेत. त्याला ते दहा वेगवेगळे वाटले, तर मोठ्या यंत्राची पावती फाडण्याची वेळ अजून आलेली नाही.